पंखाच्या पलीकडचे नाना

आमच्या भावकीत भांडण लागलं की कुणी कुणाच्या आईबापाचा उद्धार करत नसे. 'नांदगावचं विमान' एवढं म्हटलं की पुरे व्हायचं. बांधावरून वाद असो की लग्नातल्या मानपानावरून, कुणीतरी हे काढायचंच, आणि माझे चुलते झुंबर नाना पायात चपला सरकवून बाहेर जायचे. भावाची बदनामी त्यांना ऐकवत नाही, असं मला वाटायचं. तीस-बत्तीस वर्षं मी तसंच समजत होते. शाळेत साठ-साठ पोरांना शहाणपण शिकवणाऱ्या बाईला स्वतःच्या घरातलं एवढंही कळू नये, याचा मला अजून राग येतो.

लढाईच्या काळात देवळालीच्या पलीकडे माळावर शिकाऊ वैमानिकांच्या विमानांची दुरुस्ती व्हायची. काम एका ठेकेदाराकडे होतं. ती विमानं म्हणजे आतून लाकडाचा सांगाडा आणि वरून कापड, आणि दोन्ही अंगांना खाली-वर असे दोन-दोन पंख. पंखावर कापड चढवलं की ते आतल्या लाकडी फासळ्यांना शिवून टाकायचं, मग वरून रोगणाचे हात द्यायचे, म्हणजे कापड ताठ होई. माझे वडील सावळीराम गांगुर्डे तिथे शिवणकामाचे मिस्त्री होते आणि नाना त्यांचे जोडीदार. या कामाला दोन माणसं लागतातच. पंख भिंतीसारखा उभा करायचा, एकाने अलीकडे बसायचं, दुसऱ्याने पलीकडे. अलीकडच्याने वीतभर लांबीची सुई आरपार घालायची, पलीकडच्याने ती फासळीच्या दुसऱ्या बाजूने परत धाडायची. वडील अलीकडे, नाना पलीकडे. महारवाड्यातल्या दोन भावांच्या हाती साहेब विमान देतो, याचंच तेव्हा गावाला नवल होतं. हात कुठे तयार झाला म्हणाल, तर घरात. माझी आजी आक्काबाई गोधड्या शिवायची आणि तिच्या गोधडीला चार गावांतून मागणी यायची.

१९४५ च्या मार्चमध्ये, मी जन्मले त्याला पंधरवडाही झाला नव्हता तेव्हा, यांनी शिवलेल्या एका विमानाच्या पंखाचं कापड उडता उडता उसवलं. विमान नांदगावजवळ एका शेतात येऊन पडलं. विमान फारसं मोडलं नाही, पण चालवणारा गोरा पोरगा तिसऱ्या दिवशी वारला. बावीस वर्षांचा होता म्हणे. चौकशी झाली तेव्हा वडिलांनी सांगितलं, शिवण माझी आहे. त्यांना कामावरून काढलं आणि दाखल्यावर लाल शाईने शेरा मारला. तो शेरा पाहून पुढे कुणी त्यांना दारात उभं केलं नाही. त्यांनी खडी फोडली, लाकडं वाहिली. छाती आधीच रोगणाच्या वासाने पोखरली होती. मी सहा वर्षांची असताना ते गेले. मला त्यांचा खोकला आठवतो, चेहरा नीट आठवत नाही.

मला वाढवलं नानांनी. त्यांचा दाखला स्वच्छ होता, म्हणून त्यांना देवळालीला तंबू शिवायचं पक्कं काम लागलं. लग्न त्यांनी केलं नाही. माझी आई, सुलाबाई, मी नववीत असताना गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. माझ्या शाळेचं दप्तर, परकर, पुढे मास्तरकीच्या कॉलेजातली पिशवी, सगळं नानांच्या हातचं. बोलायचे कमी. माझं तोंड मात्र फटकळ. माझं एक लग्न ठरून मोडलं, तेव्हा मुलाच्या मामाने भर बैठकीत विमान काढलं होतं. मी त्या मामाला त्याच्या सात पिढ्यांसकट ऐकवलं आणि पुन्हा कुणासमोर पोहे घेऊन गेले नाही. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. माझ्या बापाच्या नावावरचा डाग धुऊन हवा होता.

१९७८ च्या उन्हाळ्यात शाळेच्या स्टाफरूममध्ये पेपर चाळताना एका कोपऱ्यात बातमी दिसली. नांदगाव तालुक्यात एका कांद्याच्या चाळीत लढाईच्या काळातलं विमान सापडलं. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर, देवस्थळी साहेब, ते दुरुस्त करून उभं करणार होते. मी पेपरचं पान फाडून घरी आणलं. नाना तेव्हा निवृत्त होऊन पंचवटीत मालट्रकच्या ताडपत्र्या शिवायला बसत. त्यांच्यापुढे पान धरलं तर म्हणाले, "मढी उकरू नये, लता."

"मढी कुणाची, नाना? माझ्या बापाचीच ना?"

त्यांनी पान घडी करून माझ्या हातात दिलं. पुढच्या रविवारी मात्र माझ्या आधी उठून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले होते. म्हणाले, "तुला पाह्यचंच हाय ना. चल."

त्या चाळीचा मालक बहिरू. गडी मोठा बोलका. लढाई संपल्यावर मोडीच्या लिलावात त्याच्या वडिलांनी ते विमान घेतलं होतं. "आमच्या बानं म्हटलं, इतकं वर जाणारं इंजिन हाय, तर इहिरीतलं पाणी काय, सहज वर आणंल," बहिरू सांगत होता. "पण त्याला पंपाचं कामच नाय जमलं. मंग बाची लय चेष्टा झाली. चिडून सगळं उचललं न् चाळीत घातलं." चाळीच्या एका बाजूला विमानाचे पंख उभे करून त्यांची भिंत केली होती. त्यावर गोणपाट, त्यावर डांबर. तीसेक वर्षं त्याला टेकून कांदा साठत आला होता. देवस्थळी साहेबांनी कडेचं गोणपाट उचललं, तेव्हा आत काळपट पडलेलं कापड दिसलं आणि शेपटाजवळचा आकडा. वडिलांच्या दाखल्यावरच्या शेऱ्यात तोच आकडा होता, आमच्या घरात तो पाठ होता.

साहेब उंच, किडकिडीत, अतिशय सावकाश बोलणारे. नानांनी पंखाला हात लावायच्या आधी कपाळाला हात नेला, ते त्यांनी पाहिलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही यावर काम केलंय?"

"व्हय. मी पलीकडं बसायचो."

साहेबांना आनंद झाला. हे शिवणकाम जाणणारं माणूस ते कधीचे शोधत होते. ट्रकमधून विमान आडगावच्या पुढे त्यांच्या भाड्याच्या शेडमध्ये आलं आणि नाना रोज सायकलवरून तिथे जाऊ लागले. विमान पुन्हा उडणार नव्हतं, नुसतं बघण्यासाठी उभं राहणार होतं, पण काम जुन्या पद्धतीनेच व्हायला हवं असा साहेबांचा हट्ट होता. काहीही काढण्याआधी ते त्याचं चित्र काढत आणि एका जाड वहीत लिहीत: अमुक तुकडा, अमुक ठिकाणी, अमुक अवस्थेत, कुणी बनवला ते माहीत असेल तर त्याचं नाव. त्या वहीवर माझी सगळी मदार होती. दोरा कुजका निघेल, ठेकेदाराचा माल हलका निघेल, आणि ते तिथे पांढऱ्यावर काळं होईल, असा माझा हिशेब. त्यामुळे मी दर रविवारी शेडमध्ये हजर.

जून उजाडायच्या आत वरच्या पंखाचं गोणपाट उतरलं. साहेब बुडाकडून एकेक फासळी मोजत निघाले. पहिल्या सहा फासळ्यांवर कापडाच्या चिंध्या अजून चिकटून होत्या, आणि चार-चार बोटांवर एकेक गाठ. दोरा काळा पडला होता पण गाठ हलत नव्हती. साहेबांनी पकडीने ओढून पाहिली.

"या गाठी कुणाच्या?"

"दादाच्या," नाना म्हणाले.

मी म्हटलं, लिहा साहेब, आत्ताच लिहा.

सातव्या आणि आठव्या फासळीवर कापड नव्हतंच. कडेला पट्टी राहिली होती, तिच्यावर सुईची भोकं सरळ रेषेत होती, पण त्यांत दोरा नव्हता. एकदम टोकाला दोऱ्याचा एक तुकडा उरला होता. साहेबांनी भिंग लावलं आणि बराच वेळ पाहिलं. "इथे कुणी गाठच मारलेली नाही," ते म्हणाले. "दर टाक्याला गाठ असली तर एक टाका तुटला तरी तेवढाच तुटतो. इथे एक तुटला आणि सगळी रांग निसटली. आणि शेवट पाहा कसा केलाय, दोरा तीनदा मागे फिरवून. असा शेवट मी कुठे पाहिलेला नाही."

मी पाहिला होता. मी जन्मापासून त्याच्याखाली झोपत आले होते. आजी गोधडीत गाठ मारायची नाही, झोपणाऱ्याला टोचते म्हणून. दोरा संपला की तीनदा मागे फिरवायचा, संपलं. माझ्या दप्तराचा, परकराचा, पिशवीचा शेवट तसाच होता. मी नानांकडे पाहिलं. ते पंखाकडे पाहतच नव्हते, शेडच्या दाराकडे पाहत होते.

माझ्या रागाला विचार करायची सवय नाही. आधी बोलून मोकळा होतो. शेडमध्ये दोन सुतार होते, एक रंगारी होता, बहिरू गंमत बघायला आला होता, त्या सगळ्यांसमोर मी म्हणाले, "साहेब, लिहा. या दोन फासळ्या सावळीराम गांगुर्डेच्या नाहीत. या झुंबर गांगुर्डेच्या आहेत. तेहतीस वर्षं भावाच्या माथी मारून हा माणूस गप्प बसला."

साहेबांचा पेन हवेत राहिला. त्यांनी नानांकडे पाहिलं.

"लिहा साहेब," नाना म्हणाले. "ती खोटं बोलत नाय."

त्यांनी लिहिलं आणि नानांनी खाली सही केली.

त्याची नक्कल करून घेऊन मी घरोघर फिरले. दवंडीच पिटली म्हणा. आमच्या कॉलनीत, भावकीत, ज्या मामाने लग्न मोडलं त्याच्या घरीसुद्धा कागद पोचवला. शेजारच्या गोजराबाईंनी तो दोनदा वाचून घेतला आणि म्हणाल्या, "म्हणजे भावाला खड्ड्यात घालून जगला की हा." कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या समितीत नाना पंधरा वर्षं होते, सभामंडपाची कनात त्यांच्या हातची होती. कुणी त्यांना जा म्हटलं नाही. फक्त ते येऊन बसले की शेजारचा माणूस उठायचा. मग त्यांनी जाणं सोडलं. घरात मी त्यांच्यापुढे ताट ठेवायचे आणि आत जायचे. आठ महिने मी त्यांच्याशी कामापुरतंही बोलले नाही. वडिलांची पुण्यतिथी त्या वर्षी थाटात केली, शंभर माणूस जेवलं. नाना त्या दिवशीही सायकल काढून शेडवर गेले होते.

फेब्रुवारीत देवस्थळी साहेब माझ्या शाळेत आले. मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसायला नको म्हणाले, व्हरांड्यातच उभे राहिले. सांगाडा तयार होता, कापड चढलं होतं, आता शिवायचं होतं. "त्यांच्या पलीकडे माझा एकेक माणूस बसवून पाहिला, कुणाचीच सुई जागेवर परत येत नाही," ते म्हणाले. "तुमचा हात शिवणाचा आहे. झुंबररावांनी मला तुम्हाला विचारायला सांगितलेलं नाही. मी आपणहून आलोय."

मी गेले. क्षमा करायला गेले असं लिहिलं तर ते खोटं होईल. वडील जे काम करायचे ते कसं असतं, ते मला बघायचं होतं.

नाना अलीकडे बसले होते. मी पलीकडे स्टुलावर बसले. मध्ये पांढरं कापड, नजर वर जाईल तिथपर्यंत नुसतं कापड. सुईचं टोक माझ्या बाजूला यायचं, मी ती ओढून फासळीच्या दुसऱ्या अंगाने परत घालायची. तिकडे काहीतरी व्हायचं आणि दोरा ताणला जायचा. पहिल्या दोन रांगा शिवून झाल्या.

"तुला तिकडून काय दिसतं?" नानांनी विचारलं.

"कापड."

"मलाबी तेवढंच दिसायचं. चार वर्षं."

सुई आली. मी परत धाडली.

"दादा गाठ मारायचा ती मी कधी पाह्यलीच नाय," कापडापलीकडून आवाज येत होता. "माझं काम सुई परत करायचं. त्या दिवशी दुपारी निरोप आला, वहिनी अडलीय, लवकर चला. दादा तसाच पळाला. दोन फासळ्या राह्यल्या व्हत्या. मुकादम म्हणला, पंख आजच बंद कर. मंग मी या बाजूला येऊन बसलो, माझ्या जागेवर एक नवा हमाल बसवला. मला वाटलं, शिवण ती शिवण. आईची रीत माहीत व्हती, तशी केली. वरून पट्टी लागली, रोगण लागलं, कुणाला काय दिसणार."

"कुठला दिवस?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"तू झालीस तो."

माझा हात थांबला. पलीकडून दोरा हलकेच ओढला गेला, मग सैल सोडला.

"चौकशीच्या आदल्या दिवशी मी सांगाया निघालो व्हतो. दादानं हात धरून बसवलं. म्हणला, झुंबर, माझी छाती गेलीय, मी काय लय वर्षं काढत नाय. शेरा तुझ्या दाखल्यावर पडला तर या पोरीला कोण वाढवील? माझ्याच्यावर पडू दे. तू फक्त तोंड उघडायचं नाय. कुणाजवळ नाय, न् हिच्याजवळ तर नायच."

"माझ्याजवळ का नाही?"

"म्हणला, तिला बाप म्हणून तूच राहशील. तिच्या मनात तुझ्याबद्दल वाकडं नको." नाना खोकले. त्यांनाही आता रोगणाचा त्रास व्हायला लागला होता. "त्या संध्याकाळी त्यानं मला गाठ शिकवली. आईच्या गोधडीवर. पुढं तंबूला तीच कामाला आली."

मी कापडाच्या या बाजूला तोंडात पदर धरून बसले. तिकडून त्यांना ते दिसत नव्हतं, पण बहुतेक कळलं असावं. "आठ महिन्यांपूर्वी का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "सगळ्यांसमोर का सही केलीत?"

"टाके माझेच व्हते ना. खोटं कसं म्हणू." मग म्हणाले, "सुई धाड, लता. मेण लावलेला दोरा हाय, सुकला तर अडतो."

मी सुई धाडली. त्या दिवशी आम्ही पाच फासळ्या शिवल्या. पुढच्या सगळ्या रविवारी मी गेले आणि चारही पंख आम्ही दोघांनीच पुरे केले.

त्यानंतर मी पुन्हा घरोघर फिरले. माझ्या बापाने जाणूनबुजून ते अंगावर घेतलं होतं, नानांनी भावाचा शब्द पाळला होता, हे मी जमेल त्याला सांगितलं. लोक मान डोलवायचे. गोजराबाई म्हणाल्या, "आता तू सांभाळूनच घेणार, चुलता आहे तुझा." पहिल्या खेपेला माझ्या हातात सहीचा कागद होता, या खेपेला नुसतं तोंड. आणि माझ्या तोंडाची ख्याती सगळ्यांना ठाऊक होती. जे मी एका दिवसात करून ठेवलं, ते मला चार वर्षांत पुसता आलं नाही. विहारातली नानांच्या शेजारची जागा तशीच रिकामी राहिली.

१९८२ च्या डिसेंबरात विमान एका नव्या दालनात उभं राहिलं. पिवळं, झळझळीत. फीत कापली, भाषणं झाली, देवस्थळी साहेबांनी नानांचं नाव घेतलं. नाना आले नव्हते. त्यांना आता चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. मी घरी येऊन सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, कापड ताठ बसलंय ना? मी हो म्हटलं. जानेवारीच्या अखेरीस ते गेले. खांदा द्यायला शाळेतले शिपाई आले, ताडपत्रीवाले आले, बहिरू नांदगावहून आला. कॉलनीतून मोजकीच माणसं आली. ज्या माणसाने माझ्या बापाची जागा भरून काढली, त्याला मी माझ्या बापाच्याच नावाने एकटं पाडलं होतं, हे मला त्या दिवशी स्मशानात उभी राहिल्यावर नीट समजलं.

महिन्याने मी देवस्थळी साहेबांकडे गेले आणि म्हटलं, त्या वहीतलं ते पान मला खोडायचंय. त्यांनी वही काढली, पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. "खोडता येणार नाही, बाई. जे घडलं ते आहे ते," ते म्हणाले. "पण खाली जागा आहे. काही राहिलं असेल तर लिहा."

माझ्यासमोर नानांची सही होती, लहान मुलासारखी गोल अक्षरातली. मीच त्यांना शिकवली होती, चौथीत असताना. मी पेन घेतलं. मग सहीच्या खाली लिहिलं: टाके झुंबरने घातले. सांगू नको, असं सावळीरामने सांगितलं होतं, पोरीसाठी. सांगितलं ते पोरीने.

साहेबांनी वाचलं आणि विचारलं, "सही करता?"

मी केली.